सोन्याची बाहुली आणि सोमवारचा डबा

मार्च महिन्यातला एक सोमवार आमच्या घरी नेहमीपेक्षा तासभर लवकर उजाडतो. अमेरिकेत रविवारची संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे सोमवारची पहाट होत असते, आणि नेमका त्याच वेळी तिकडे लॉस एंजेलिसला ऑस्कर पारितोषिकांचा सोहळा सुरू होतो. मी साडेचारला उठते. चहाचे आधण ठेवते, कणीक भिजवते आणि बाहेरच्या खोलीतला टीव्ही आवाज अगदी बारीक करून लावते. पोळी तव्यावर टाकायची, दारात येऊन एक नजर टाकायची, पुन्हा ओट्याशी पळायचे, अशा माझ्या येरझारा डबे भरून होईपर्यंत चालू असतात.

आमचे 'हे' कुशीवर वळत म्हणतात, "अगं, संध्याकाळी सगळं मोबाइलवर मिळतं की! त्यासाठी झोपमोड कशाला?" सासूबाई जपाची माळ हातात घेऊन माझ्याबरोबर बसतात, पण त्यांचे लक्ष झग्यांकडे. "एवढी पैसेवाली बाई, आणि पाठीला कापड पुरलं नाही होय गं?" आणि आमची सातवीतली लेक दात घासता घासता विचारते, "आई, चांगलं तेवढं दोन मिनिटांचं येतं नंतर. बाकीचं तीन तास कोण बघतं?"

लेकीचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, मैत्रिणींनो. तोच प्रश्न त्या सोहळ्याच्या कर्त्याकरवित्यांना गेली कित्येक वर्षे छळतो आहे. १९९८ साली 'टायटॅनिक'ला पारितोषिके मिळाली त्या रात्री एकट्या अमेरिकेत साडेपाच कोटींच्या आसपास लोक टीव्हीपुढे बसले होते. २०२१ साली तो आकडा एक कोटीवर येऊन ठेपला. पुढे तो थोडा सावरला, २०२५ मध्ये दोन कोटींच्या जवळ गेला, पण जुने दिवस काही परत आले नाहीत. मग सोहळा आजच्या प्रेक्षकाला आवडेल असा करायचा कसा? यावर तिकडे पुष्कळ डोकी चालली. माझे डोके त्या मानाने लहान. पण यंदा शाळेच्या स्नेहसंमेलनात माझ्या हातून एक चूक झाली, आणि त्यानंतर या प्रश्नाकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागले. ते पुढे सांगतेच.

पंधरा मिनिटांपासून चार तासांपर्यंत

हा सोहळा जन्मला तेव्हा लांबलचक मुळीच नव्हता. १६ मे १९२९ रोजी हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात जेवणे झाली आणि मग बक्षिसे दिली गेली. पाहुणे सुमारे २७०, तिकीट पाच डॉलर, आणि बक्षीस वाटपाला लागली अवघी पंधरा मिनिटे! निकाल तीन महिने आधीच जाहीर झालेला होता, त्यामुळे कुणाचा जीव टांगणीला लागण्याचे कारणच नव्हते. सगळा घरगुती मामला.

१९५३ साली हा समारंभ पहिल्यांदा टीव्हीवर दिसला. आता सभागृहातल्या पाहुण्यांबरोबर घरोघरच्या प्रेक्षकांनाही धरून ठेवायचे म्हटल्यावर गाणी आली, नाच आले, विनोद आले, आणि अर्थातच जाहिराती आल्या. वाढता वाढता २००२ सालचा सोहळा चार तास तेवीस मिनिटे चालला. एवढ्या वेळात आपल्याकडे पुरणपोळीची अख्खी पंगत उठते आणि मागची भांडीही घासून होतात.

कात्री कुठे चालवली?

वेळ वाढला, प्रेक्षक घटले, तेव्हा आजाऱ्याला घरातल्या प्रत्येकाने एकेक औषध सुचवावे तसे उपाय सुरू झाले. २०१८ साली 'लोकप्रिय चित्रपट' असे एक वेगळे पारितोषिक जाहीर झाले. गर्दी खेचणाऱ्या चित्रपटाला मागच्या दाराने बोलवायचे, असाच त्याचा अर्थ लोकांनी घेतला. महिन्याभरात ती कल्पना बाजूला ठेवावी लागली. २०१९ साली ठरले की, छायालेखन, संकलन, रंगभूषा-केशभूषा आणि लघुपट ही चार पारितोषिके जाहिरातींच्या वेळात उरकायची. नामवंत दिग्दर्शक आणि छायालेखक संतापले. हाही निर्णय चार दिवसांत मागे.

२०२१ साली साथीच्या दिवसांत सोहळ्याचा मोठा भाग एका रेल्वे स्थानकात झाला, आणि बक्षिसांचा क्रमच बदलला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाऐवजी अभिनेत्याचे पारितोषिक शेवटी ठेवले. दिवंगत चॅडविक बोसमनचे नाव पुकारले जाईल आणि सभागृह हेलावून जाईल, असा जो तो धरून चालला होता. नाव निघाले अँथनी हॉपकिन्सचे, आणि ते तर आलेलेच नव्हते! आरती रंगात आलेली असताना वीज जावी तसा समारंभ संपला.

पण सर्वांत मोठी कात्री चालली ती २०२२ साली. संकलन, ध्वनी, पार्श्वसंगीत, कलादिग्दर्शन, रंगभूषा-केशभूषा, लघु माहितीपट, लघुपट आणि लघु अॅनिमेशनपट अशी आठ पारितोषिके थेट प्रक्षेपणाच्या आधीच सभागृहात देऊन टाकली, आणि त्यांचे काटछाट केलेले तुकडे मधूनमधून दाखवले. हेतू एकच, वेळ वाचावा. आणि वाचला किती? सोहळा साडेतीन तासांच्याही पुढे गेला! पुढच्या वर्षी आठही पारितोषिके पुन्हा मुख्य कार्यक्रमात आली.

ती 'छोटी' बक्षिसे कुणाची?

आपल्याला या आठ नावांशी काय करायचे आहे, असे वाटेल. मीही तसेच म्हणाले असते. पण एका दुपारी सहज हिशेब मांडला, आणि चकित झाले. ए. आर. रहमान यांना २००९ साली मिळालेल्या दोन पारितोषिकांपैकी एक पार्श्वसंगीताचे. त्याच रात्री रसूल पुकुट्टी यांना मिळाले ते ध्वनीचे. मिर्झापूरकडच्या दुभंगलेल्या ओठाच्या छोट्या पिंकीची गोष्ट सांगणारा 'स्माइल पिंकी', तोही २००९ चाच, लघु माहितीपट. २०१९ मध्ये हापूड जिल्ह्यातल्या खेड्यात सॅनिटरी पॅड तयार करणाऱ्या बायकांवरच्या 'पीरियड. एंड ऑफ सेंटेन्स' ला पारितोषिक मिळाले. जो शब्द आपण घरात दबक्या आवाजात उच्चारतो, तो त्या रात्री जगापुढे मोकळेपणाने उच्चारला गेला. तोही लघु माहितीपटच. आणि २०२३ चा 'द एलिफंट व्हिस्परर्स' देखील.

म्हणजे ज्या बक्षिसांना 'छोटी' म्हणून दाराबाहेर बसवले होते, नेमकी तीच आपल्या वाट्याला आलेली! मोठ्या ताऱ्यांची बक्षिसे मोठ्या देशांना आणि मोठ्या पैशाला. आपल्यासारख्यांना आत येण्याची वाट असते ती या बाजूच्या दारातूनच.

२०२३ ची सकाळ मला चांगली आठवते. 'एलिफंट व्हिस्परर्स'च्या दिग्दर्शिका कार्तिकी गोन्साल्व्हिस बोलल्या, मग निर्मात्या गुनीत मोंगा पुढे झाल्या, आणि वेळ संपल्याची खूण म्हणून वाद्ये वाजू लागली. त्यांचे बोलणे राहूनच गेले. मी तव्याकडे पाठ करून उभी होते. पोळी करपली ती त्या वासाने सासूबाईंना कळली, मला नाही.

आणखी एक आठवण काढल्यावाचून राहवत नाही. माझे माहेर कोल्हापूरचे. भानू अथय्या, पूर्वाश्रमीच्या राजोपाध्ये, आमच्या गावच्या. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले. भारतात आलेली ही पहिली सोन्याची बाहुली. फूटभराहून थोडी उंच आणि जवळजवळ चार किलो वजनाची! आणि भानूताईंची सुरुवात कुठे झाली, ठाऊक आहे? स्त्रियांच्या एका साप्ताहिकात, कपड्यांची चित्रे काढून. त्या साप्ताहिकाच्या संपादिकेने कपड्यांचे दुकान काढले, चित्रे काढणाऱ्या मुलीला प्रत्यक्ष कपडे बेतायला सांगितले, आणि नट्या त्या दुकानाची वाट धरू लागल्या. वेशभूषेचे पारितोषिक कापलेल्या आठांत नव्हते, हे नशीब. पण उद्या कुणाला वाटले असते की कपड्यांचे बक्षीस कोण बघतो, तर?

माझी चूक

आता ती शाळेची गोष्ट. मी अर्धवेळ शिक्षिका आहे. मराठी आणि इतिहास शिकवते, आणि 'हिचे अक्षर चांगले, बोलणे चांगले' म्हणून बक्षीस समारंभ दरवर्षी माझ्या गळ्यात पडतो. गेल्या वर्षीच्या संमेलनात पाहुण्यांना लवकर जायचे होते. बैठकीत मीच सुचवले, "हस्ताक्षर, रांगोळी, नीटनेटकी वही, शंभर टक्के हजेरी, ही लहानसहान बक्षिसं दुपारी वर्गातच देऊन टाकू. व्यासपीठावर फक्त पहिले क्रमांक आणि खेळांचे चषक." सगळ्यांना कल्पना पटली. मला तर स्वतःचे कौतुकच वाटले.

संध्याकाळी कार्यक्रम झाला. शाल-श्रीफळे सात जणांना. प्रत्येकाचा परिचय, प्रत्येकाचे दोन शब्द. दोन शब्दांचे किती होतात ते तुम्हांला सांगायला नको. ठरल्या वेळेपेक्षा पंचवीस मिनिटे उशिरा 'वंदे मातरम्' झाले.

फाटकाशी एक बाई उभी होती. खानावळीत पोळ्या लाटते. धुतलेली, घडीची साडी नेसून, संध्याकाळची पाळी बुडवून आली होती. मला म्हणाली, "बाई, आमच्या पोरीचं नाव कधी घ्येनार? का संपलं?" तिची मुलगी पाचवीत. हस्ताक्षरात पहिली आली होती. प्रमाणपत्र दुपारीच दप्तरात गेले होते. पोरीने आईला ते सांगितलेच नव्हते. नाव पुकारतील अशी तिलाही आशा असावी.

मी काहीबाही उत्तर दिले. रात्री जेवण गेले नाही. पंचवीस मिनिटे मी कुणाकडून घेतली आणि कुणाला देऊन टाकली, हेच मनात घोळत राहिले.

यंदा मी हट्टच धरला. शाली दोनच, परिचय छापील पत्रिकेत. झाडून सगळी नावे व्यासपीठावरून. दहा-दहा मुलांच्या तुकड्या आधीच पायऱ्यांशी उभ्या करायच्या, म्हणजे चालत येण्यात वेळ जात नाही. आणि प्रत्येक नावाबरोबर एकच वाक्य, बक्षीस कशाबद्दल ते. "हिने वर्षभरात एकही शब्द खोडला नाही." टाळ्या कशाला वाजल्या म्हणता? या वाक्यांनाच! कार्यक्रम ठरल्यापेक्षा दहा मिनिटे आधी संपला.

मला सुचते ते

ऑस्करवाल्यांना सल्ला द्यायला मी कोण? पण घर चालवणाऱ्या बाईला एक गोष्ट पक्की कळते. खर्च कमी करायचा म्हणून दुधात पाणी घालायचे नसते. आधी फुकटचा खर्च कुठे होतो ते पाहायचे असते. तेव्हा माझी यादी अशी :

१. कापायच्या तर गप्पा कापा. बक्षीस द्यायला आलेली जोडी कागदावरचे ओढूनताणून विनोद वाचते. तिथे अर्धा-अर्धा मिनिट वाचवला तरी सगळ्या लघुपटवाल्यांची भाषणे आरामात बसतील.

२. बक्षीस कशाचे, ते दाखवा. संकलन म्हणजे काय, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एकच प्रसंग आधी कच्चा आणि मग संकलित करून दाखवा. ध्वनीच्या वेळी तेच दृश्य आधी मुके, मग पावसापावलांच्या आवाजासह. आमची लेक पडद्यामागच्या गमती मोबाइलवर तासन्‌तास बघते. म्हणजे आजच्या मुलांना कंटाळा येतो तो कारागिरीचा नव्हे, न कळण्याचा. २०२५ साली वेशभूषा आणि छायालेखनाच्या वेळी चित्रपटांतले कलाकार स्वतः व्यासपीठावर येऊन त्या कारागिरांबद्दल बोलले. पाहायला किती छान वाटले! ते प्रत्येक बक्षिसाला करावे.

३. आभारांचा नियम सर्वांना एकच ठेवा. पंचेचाळीस सेकंद म्हणतात. १९४३ साली ग्रीर गार्सन साडेपाच मिनिटे बोलल्या, त्याची अजून चर्चा होते. २०२५ मध्ये एड्रियन ब्रॉडी त्यांच्याही पुढे गेले, आणि वाद्ये वाजू लागली तेव्हा ती थांबवा म्हणाले. ती थांबली. मोठ्या नटासाठी थांबणारी वाद्ये माहितीपटाच्या निर्मातीसाठी का थांबत नाहीत? बक्षीस दोघांत असेल तर वेळही दोघांचा मोजा. आपण नाही का, दोन मुले असली की लाडू दोन काढतो?

४. वडीलधाऱ्यांना परत बोलवा. ३० मार्च १९९२ च्या सोहळ्यात सत्यजित राय यांचा गौरव झाला. कोलकात्याच्या रुग्णालयात अंथरुणावर पडून, हातात ती बाहुली धरून ते बोलले, आणि तिकडे साऱ्या सभागृहाने ते चित्रफितीवर पाहिले. तीन आठवड्यांनी ते गेले. २००९ पासून हे सन्मान वेगळ्या मेजवानीत दिले जातात आणि मुख्य सोहळ्यात त्यांची नुसती झलक दिसते. जेवणाच्या पंगतीत आजोबांचे पान वेगळ्या खोलीत मांडून वेळ वाचत असेल, पण घर मोठे दिसत नाही.

५. गेलेल्यांची नावे सावकाश दाखवा. भानू अथय्या ऑक्टोबर २०२० मध्ये गेल्या. एप्रिल २०२१ च्या श्रद्धांजलीत त्यांचे नाव होते, इरफान खान यांचेही होते, पण छायाचित्रे इतकी भराभर पळत होती की मी चहा गाळून कप हातात घेईपर्यंत कोल्हापूर येऊन गेलेसुद्धा. २०१७ मध्ये तर एका हयात निर्मातीचे छायाचित्र दाखवले गेले! माणूस गेल्यावर त्याचे नाव नीट घेण्याइतका वेळ कुठल्याही घरात असतो.

६. चित्रपट आधी लोकांपर्यंत पोचवा. 'टायटॅनिक'च्या वर्षी गर्दी झाली ती गाण्या-नाचामुळे नव्हे. चित्रपट सगळ्यांनी पाहिला होता, म्हणून कोण जिंकते याची ओढ होती. निदान लघुपट तरी महिनाभर आधी सर्वांना सहज पाहता यावेत. बाकी, मत देणाऱ्या सभासदांनी त्या विभागातले सगळे चित्रपट पाहिलेच पाहिजेत, असा सरसकट नियम अकादमीने केला तो २०२५ साली! उत्तरपत्रिका न वाचता मी गुण दिले असते तर मुख्याध्यापिकांनी मला दुसऱ्या दिवशी घरी पाठवले असते.

घड्याळाचे कारण आता पुरे

टीव्ही वाहिनीची अडचण मला कळत नाही असे नाही. त्यांच्या वेळेला मोल असते, जाहिरातदाराला शब्द दिलेला असतो. पण २०२९ पासून हा सोहळा यूट्यूबवर दाखवला जाईल, असे अकादमीने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले आहे. म्हणजे तिथे रात्रीच्या बातम्यांची वेळ झाली, पुढचा कार्यक्रम खोळंबला, असली सबब राहणार नाही. मग तरी कुणाला दारात ताटकळत ठेवू नये. शिवाय मोबाइलवर दोन मिनिटांचे तुकडे पाहणाऱ्यांना ते तुकडे मिळतच राहतील. पण तुकडा चांगला निघायला आधी अख्खी भाकरी नीट भाजलेली असावी लागते.

लेकीला मी हे सगळे एकदा समजावून सांगितले. तिला कितपत पटले कोण जाणे. मुलीच त्या! पण गेल्या महिन्यात संमेलनाच्या रात्री घरी येताना ती म्हणाली, "आई, ती न खोडणारी मुलगी कोण गं? तिची वही मला बघायचीय."

ती खानावळीतली बाई यंदाही आली होती. तिच्या पोरीला या वेळी रांगोळीचे उत्तेजनार्थ बक्षीस होते. पहिलेसुद्धा नव्हे. नाव पुकारले तेव्हा ती मागच्या रांगेतून उभी राहिली, आणि पोरगी पायऱ्या उतरेपर्यंत खाली बसली नाही. मी घड्याळ पाहिले होते. सगळ्याला मिळून अकरा सेकंद लागले.